गिअरबॉक्समधील तेलाचा इतिहास

मोटारीच्या तेलाला कसला आला आहे इतिहास, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. इतिहास राज्यांचा असतो, ग्रंथांचा असतो, फार तर नाण्यांचा आणि शस्त्रांचा असतो. परंतु मोटारीच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात जाऊन पाहा. फळीवर लाल तेलाचे डबे ओळीने मांडलेले असतात आणि त्यांवर डेक्सरॉन, मर्कॉन, ए.टी.एफ. प्लस फोर, डब्ल्यू.एस., डी.डब्ल्यू. वन अशी नावे छापलेली असतात. अर्थ विचारला तर दुकानदार सांगतो, “ऑटोमॅटिक गाडीचं तेल आहे साहेब, सगळ्यांना चालतं.” माझ्या मते या नावांकडे शिलालेखांकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे. एकेका नावामागे एकेक घटना आहे. कुठे युद्ध, कुठे देवमाशांची कत्तल, कुठे पेट्रोलची टंचाई. ती घटना ठाऊक नसली की नाव नुसते नाव राहते, आणि सगळ्यांना चालणारे तेल एखाद्याच्या गाडीत गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी आणते.

याच्याशी जोडलेला एक व्यवहारी प्रश्न आहे. प्रत्येक कंपनीने आपल्या गाडीसाठी वेगळे तेल सांगावे, ते महाग असावे आणि आपल्याच विक्रेत्याकडे मिळावे, हे खरोखर यंत्राच्या गरजेमुळे आहे, की गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची ही एक युक्ती आहे? गाडी बाळगणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला हा संशय येणे अगदी स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इतिहासातच सापडते, आणि ते एका शब्दात देता येण्यासारखे नाही.

प्रथम मूळ अडचण पाहू. पेट्रोलचे इंजिन उभ्या गाडीला एकदम जोडता येत नाही, जोडले तर ते बंद पडते. म्हणून क्लच आला, आणि चढाला व सपाटीला निरनिराळा जोर लागतो म्हणून दातेरी चक्रांचे गिअर आले. चालकाने डावा पाय दाबावा, दांडा ओढावा, पाय अलगद सोडावा, ही कसरत शिकण्यात आपल्यापैकी पुष्कळांचे उमेदीचे काही आठवडे गेले असतील. या कसरतीतून सुटका करणारी कल्पना मोटारीच्या कारखान्यात जन्मली नाही, ती जहाजाच्या कारखान्यात जन्मली. जर्मनीत स्टेटिन येथील वल्कन गोदीत काम करणाऱ्या हेर्मान फॉटिंगर या इंजिनिअराने १९०५ साली एक पेटंट घेतले. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोहोंना लोखंडाच्या दातांनी जोडण्याऐवजी द्रवाने जोडावे, ही त्याची कल्पना. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरू लागला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसेच हे. वाऱ्याच्या जागी द्रव आहे एवढेच. इंजिन चालू राहून गाडी उभी राहू शकते ती या जोडणीमुळे.

अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्प्सन नावाचा इंजिनिअर होता. गिअर बदलताना होणारी खरखर थांबवणारी सिंक्रोमेश ही युक्ती त्याचीच. ती १९२८ साली कॅडिलॅक गाडीत आली. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली फॉटिंगरची द्रवजोडणी आणि चार वेगांचा गिअरबॉक्स एकत्र करून ‘हायड्रा-मॅटिक’ सिद्ध झाला. १९३९ साली तो जाहीर झाला आणि १९४० च्या ओल्डस्मोबिल गाडीत विक्रीस आला. लवकरच युद्धाने त्याची परीक्षा घेतली. अमेरिकेचा एम-५ हा हलका रणगाडा दोन कॅडिलॅक इंजिनांवर आणि दोन हायड्रा-मॅटिकांवर चालत असे. ज्याने रणगाडा ओढला तो गिअरबॉक्स घरच्या गाडीला कमी पडणार नाही, असा विश्वास युद्धानंतर ग्राहकांना वाटला तर त्यात नवल नाही.

आता या पेटीतील तेलाकडे वळू. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाला एकच मुख्य काम, दात झिजू न देणे. स्वयंचलित पेटीत त्याच एका द्रवाकडे पाच कामे येतात. इंजिनाची शक्ती तोच वाहून नेतो. नळ्यांतून आणि झडपांतून दाबाने धावून कोणता गिअर लागावा याचा हुकूमही तोच पोचवतो. दातांना वंगण तोच, उष्णता बाहेर नेणारा तोच. आणि पाचवे काम सर्वांत विलक्षण आहे. गिअर बदलण्यासाठी आत क्लचच्या तबकड्या एकमेकींवर दाबल्या जातात, आणि त्या तेलात बुडालेल्या असतात. तेथे तेलाने घसरणही द्यायची आणि पकडही द्यायची. किती घसरू द्यायचे आणि केव्हा धरून ठेवायचे, हे तबकडीइतकेच तेलाच्या घटकांवर अवलंबून आहे. त्यामुळे हे तेल म्हणजे यंत्रात ओतण्याची वस्तू आहे ही समजूत सोडून द्यावी लागते. तो यंत्राचाच एक भाग आहे, फक्त पातळ. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघाला आहे.

१९४९ साली जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ या नावाने तेलाचे एक प्रमाण ठरवले. कोणत्याही तेल कंपनीने तसे तेल करावे, शिकागोच्या आर्मर संस्थेत त्याची कसोटी द्यावी आणि उत्तीर्ण झाल्यास ‘ए.क्यू.’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक डब्यावर छापावा, अशी ती योजना होती. तेलाला लाल रंग देण्याची चाल पडली ती ओळखीसाठी. गाडीखाली डाग दिसला तर इंजिनाचे तेल गळते की गिअरबॉक्सचे हे रंगावरून कळावे. तेव्हाही रंग हा गुणवत्तेचा दाखला नव्हता आणि आज तर मुळीच नाही.

ही योजना चांगली चालली, कारण त्या काळात अमेरिकेतल्या अनेक कंपन्या जनरल मोटर्सचीच पेटी विकत घेत असत. हडसन आणि नॅश या गाड्यांत ती होती. खुद्द फोर्ड कंपनीची लिंकन ही गाडी १९४९ पासून काही वर्षे प्रतिस्पर्ध्याच्या हायड्रा-मॅटिकवर चालत होती. इंग्लंडच्या रोल्स-रॉइसनेही १९५२ पासून ती स्वीकारली. जगातली सर्वोत्तम गाडी म्हणून जिचा डौल, तिने गिअरबॉक्स मात्र ओल्डस्मोबिलच्या घराण्यातला घ्यावा, हे पाहून तेव्हाच्या काही इंग्रज सद्गृहस्थांना काय वाटले असेल त्याची कल्पना करावी.

या परावलंबनाचे स्वरूप १९५३ च्या १२ ऑगस्टला उघडे पडले. मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथील हायड्रा-मॅटिकच्या प्रचंड कारखान्यात धातू कापणाऱ्या ज्योतीची ठिणगी ज्वालाग्राही द्रवावर पडली आणि कारखाना जळून खाक झाला. माणसे दगावली, आणि अनेक गाड्यांचे उत्पादन अडून बसले. जनरल मोटर्सने युद्धकाळात बॉम्बफेकी विमाने बांधलेला विलो रन येथील कारखाना ताब्यात घेऊन काही आठवड्यांत तेथे काम सुरू केले. मधल्या काळात कॅडिलॅकच्या आणि ओल्डस्मोबिलच्या काही गाड्यांना ब्यूकची ‘डायनाफ्लो’ पेटी बसवली गेली आणि पाँटिअॅकला शेव्हरोलेची ‘पॉवरग्लाइड’. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही, की या पेट्यांची रचना निराळी असूनही तेल तेच टाइप ए होते. फोर्डची ‘फोर्डोमॅटिक’ आणि क्रायस्लरची पहिली पेटी यांनाही तेच चाले. गॅरेजमध्ये एकच पिंप ठेवावे आणि सर्व गाड्यांची सोय व्हावी, असे खरोखर एक युग होते. आजचा दुकानदार “सगळ्यांना चालतं” म्हणतो तेव्हा तो नकळत त्या युगातले वाक्य उच्चारत असतो. १९५७ साली सुधारून काढलेले ‘टाइप ए, सफिक्स ए’ हे त्या युगाचे शेवटचे मोठे नाव.

युग संपले ते १९६७ साली. त्याआधी काही वर्षे फोर्डने स्वतःची प्रमाणे लिहायला घेतली होतीच. १९६७ मध्ये जनरल मोटर्सने ‘डेक्सरॉन’ आणले आणि त्याच वर्षी फोर्डचे ‘टाइप एफ’ आले. दोन्ही लाल, दोन्ही ए.टी.एफ., आणि स्वभावाने एकमेकांच्या अगदी उलट.

हा उलटेपणा समजून घेण्यास एस.टी.चा प्रवास पुरेसा आहे. गाडी थांबताना चालकाने ब्रेक शेवटपर्यंत तसाच दाबून ठेवला तर थांबण्याच्या क्षणी सगळे उतारू पुढे झुकतात आणि मग मागे आपटतात. मुरलेला चालक अखेरच्या हातभर अंतरात पाय किंचित सैल करतो आणि गाडी केव्हा थांबली ते कळतही नाही. डेक्सरॉनमधले घटक हे मुरलेल्या चालकाचे काम करतात. दोन तबकड्यांच्या वेगातला फरक शून्याजवळ आला की घर्षण कमी होते आणि गिअर अलगद बसतो. टाइप एफमध्ये हे मवाळ करणारे घटक नव्हते. वेग जुळत आला की त्याची पकड वाढे आणि तबकड्या झटक्याने जखडत. फोर्डने हे अजाणता केले नाही. लवकर जखडलेली तबकडी कमी घसरते, कमी घसरली म्हणजे कमी तापते, असा त्यांचा हिशेब होता, आणि आपल्या पेटीतील तबकड्यांची संख्या व दाब त्यांनी त्यानुसार ठरवले होते. आता फोर्डच्या त्या पेटीत डेक्सरॉन घातले तर कमी पकडीसाठी न बांधलेल्या तबकड्या जास्त वेळ घसरत राहून जळतात. उलट जनरल मोटर्सच्या पेटीत टाइप एफ घातले तर प्रत्येक गिअरला हिसका बसतो. येथे कंपनीचा लोभ कुठेच आलेला नाही. दोन यंत्रज्ञांनी एका प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरे दिली आणि तेले वेगळी झाली.

डेक्सरॉनला हा मवाळपणा कुठून मिळे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. तो देवमाशापासून मिळे. स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल रसायनदृष्ट्या तेलापेक्षा मेणाच्या जवळचे असते. त्याच्यावर गंधकाची प्रक्रिया केली म्हणजे ते धातूच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहते आणि उष्णतेतही लवकर बिघडत नाही. एकोणिसाव्या शतकात या तेलाचे दिवे अमेरिकेत घरोघर जळत. रॉकेल आले आणि देवमासा वाचला, असे सांगण्याची पद्धत आहे. ती अर्धीच खरी आहे. स्पर्म देवमासे विसाव्या शतकात आधीच्या दोन शतकांपेक्षाही अधिक मारले गेले. ज्या खनिज तेलाने त्याला दिव्यातून सोडवले त्याच्यावर चालणाऱ्या मोटारीने त्याला गिअरबॉक्सच्या रूपाने पुन्हा गाठले.

१९७० साली अमेरिकन सरकारने या देवमाशाचे नाव नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले, आणि १९७३ च्या कायद्याने संरक्षण आणखी पक्के केले. तेल कंपन्यांना पर्याय शोधणे भाग पडले. नवे प्रमाण ‘डेक्सरॉन-टू’ या नावाने आले, आणि लगेच एक विपरीत गोष्ट घडली. देवमाशाच्या जागी घातलेल्या रसायनांबरोबर आलेले तेल रेडिएटरमध्ये बसवलेल्या तेल थंड करणाऱ्या नळ्यांच्या सांध्यांतील डाक खाऊ लागले. ही चूक दुरुस्त करायला पुन्हा प्रमाण बदलावे लागले आणि काही वर्षांतच ‘टू-डी’ आले. लक्षावधी वर्षांत घडलेल्या एका जिवाच्या शरीरातील पदार्थाला प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षांत तोड काढायची म्हणजे ठोकर बसणारच. वाळवंटी प्रदेशातल्या होहोबा या झुडपाच्या बियांत तसाच मेणासारखा द्रव असतो, म्हणून त्या काळी त्याचाही मोठा गाजावाजा झाला. अखेर बाजी मारली ती कृत्रिम रसायनांनी.

त्याच १९७३ साली पेट्रोलचे संकट आले आणि त्याने तेलाच्या इतिहासाला दुसरे वळण दिले. द्रवजोडणीत थोडी घसरण कायम असते आणि तेवढे पेट्रोल वाया जाते. म्हणून सरळ रस्त्यावर वेग घेतल्यावर ही जोडणी एका क्लचने पक्की जखडावी, अशी योजना क्रायस्लरने १९७८ च्या गाड्यांत आणली. पुढे काही पेट्यांत हा क्लच पुरता जखडण्याऐवजी मुद्दाम किंचित घसरत ठेवण्यात येऊ लागला, म्हणजे धक्के बसू नयेत. ज्या ठिकाणी तबकड्या मैलोन्‌मैल अर्धवट घसरत राहणार, तेथे तेल जरा जरी बिनसले तरी गाडी थरथरू लागते. रस्त्यावरच्या बारीक खाचांवरून जात असल्यासारखे वाटते. १९८९ साली क्रायस्लरने संगणकाने चालणारी चार वेगांची पेटी काढली. तिची कीर्ती फारशी चांगली राहिली नाही, आणि त्या बदनामीत चुकीच्या तेलाचा वाटा मोठा होता. कंपनीचे स्वतःचे तेल सर्वोत्तम असे सांगून वर डेक्सरॉनही चालेल अशी मुभा ठेवण्यात आली होती. मुभा मिळाल्यावर गॅरेजवाले स्वस्त आणि हाताशी असलेले तेच वापरणार. ‘ए.टी.एफ. प्लस थ्री’ आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘प्लस फोर’ ही प्रमाणे आली ती या अनुभवातून, आणि मग क्रायस्लरने डेक्सरॉनचे नाव काढणे सोडून दिले.

इतर देशांची हकिगत थोडक्यात सांगतो. होंडाने आपली पेटी सर्वस्वी निराळ्या रचनेची केली. साध्या गिअरबॉक्ससारखे समांतर दांडे आणि प्रत्येक गिअरला स्वतंत्र क्लच. साहजिकच तिचे तेलही तिचेच, आधी झेड-वन आणि नंतर डी.डब्ल्यू. वन. टोयोटाचे टी-फोर गेले आणि अधिक पातळ डब्ल्यू.एस. आले. जर्मनीच्या झेड.एफ. कंपनीच्या पेट्या अनेक युरोपीय गाड्यांत असतात. त्यांतील काहींबाबत गाडीच्या पुस्तकात तेल जन्मभरासाठी भरले आहे असे लिहिलेले असते. कोणाच्या जन्मभरासाठी, हे मात्र लिहिलेले नसते. पेटी बनवणारी झेड.एफ. स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देते. दोन तज्ज्ञांत असा मतभेद असला तर गाडीच्या मालकाने पेटी करणाऱ्याचे ऐकावे, असे माझे मत आहे.

लोभाचा संशय कुठे खरा ठरतो, तेही सांगितले पाहिजे. २००५ साली जनरल मोटर्सने डेक्सरॉन-सिक्स आणले आणि २००६ अखेर डेक्सरॉन-थ्रीचे परवाने देणे थांबवले. नवे तेल जुन्या गाड्यांनाही चालते असे कंपनी म्हणते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु आज एखाद्या डब्यावर डेक्सरॉन-थ्री लिहिलेले असेल तर त्यामागे मूळ कंपनीची कसोटी उरलेली नाही. विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज त्याला आधार नाही. फोर्डनेही साध्या मर्कॉनचे असेच केले. १९४९ च्या योजनेत कोणीही कसोटी देऊन क्रमांक मिळवू शकत असे. आज अनेक कंपन्या आपल्या तेलाचे प्रमाण बाहेर प्रसिद्धच करीत नाहीत, फक्त आपल्या नावाचा डबा दाखवतात. अमेरिकेत १९७५ च्या एका कायद्याने ठरवून दिले आहे की विशिष्ट छापाचाच माल वापरा अशी अट घालून वॉरंटी देता येणार नाही, तो माल फुकट देत असाल तर गोष्ट निराळी. म्हणजे तेथील कायदेमंडळालाही हा संशय आला होता. तेलातला फरक खरा असतो. तो फरक झाकून ठेवणे ही मात्र यंत्राची गरज नव्हे.

आता आपल्याकडे येऊ. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग आणून जुळणी करण्याला सरकारी धोरणात जागा उरली नाही, तेव्हा १९५४ मध्ये तो बंद झाला. त्यानंतर अनेक दशके आपले रस्ते अॅम्बॅसडर आणि फियाट यांच्या हातगिअरांनी व्यापले. त्यामुळे लाल तेल आपल्या मिस्त्रींच्या ओळखीचे झाले ते गिअरबॉक्सच्या वाटेने नव्हे. ते पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात म्हणून. स्टिअरिंगमध्ये घर्षणाच्या तबकड्या नसतात, तेथे ए.टी.एफ.चे प्रकार थोडेफार इकडचे तिकडे झाले तरी सहसा बिघडत नाही. ही सवय गिअरबॉक्सपर्यंत आली की मात्र घात होतो.

त्यातच २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओमध्ये ए.एम.टी. हा स्वस्त प्रकार आणला. यात साधाच गिअरबॉक्स आणि साधाच कोरडा क्लच असतो. चालकाच्या पायाचे आणि हाताचे काम एक यंत्र करते. म्हणजे दांड्याजवळ ‘डी’ अक्षर असले तरी पेटीत हवे ते हातगिअरचेच तेल, ए.टी.एफ. नव्हे. सी.व्ही.टी. हा आणखी वेगळा प्रकार. त्यात पोलादी पट्टा पोलादी चक्रांमध्ये चिमटला जाऊन शक्ती नेतो, आणि तेलाने पोलादावर पोलाद घसरू न देण्याचे काम करायचे असते. त्यात साधे ए.टी.एफ. पडले की पट्टा घसरतो, चक्रांवर ओरखडे उठतात, आणि तेथून परतीची वाट नाही. दुहेरी क्लचच्या पेटीचे तेल पुन्हा निराळे. बाजारात या चौघांनाही ‘ऑटोमॅटिक’ हे एकच नाव आहे.

म्हणून तेल घेण्यापूर्वी आपली पेटी या चौघांपैकी कोणती, हे आधी पाहावे. मग गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडून त्यात प्रमाणाचे जे नाव आणि जो क्रमांक असेल तो अक्षर न् अक्षर डब्यावरच्या मजकुराशी ताडून पाहावा. गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पेटी बदलते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर आधीच्या मालकाने काय ओतले हे विचारून घ्यावे. डब्यावर ‘प्रमाण पूर्ण करते’ असे आहे की ‘यासाठी योग्य’ असे मोघम आहे, हेही पाहावे. पहिल्या शब्दांत निदान काही जबाबदारी घेतलेली असते. दुसऱ्या कंपनीचे तेल पुस्तकातल्या प्रमाणाला स्पष्टपणे उतरत असेल तर ते घेण्यास माझी हरकत नाही. प्रत्येक पेटीला चालणारे म्हणून विकले जाणारे तेल मी घेणार नाही. एकच द्रव टाइप एफसारखा झटकन जखडणारा आणि डेक्सरॉनसारखा अलगद सोडणारा असू शकत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्यावर हा सारा प्रपंच संपेल असे म्हणतात. त्यांना बहुधा एकच गिअर असतो, बदलण्यासारखे काही नसते. तरी दातेरी चक्रे आहेत तोवर तेल आहेच, आणि काही रचनांत तेच तेल मोटारीची तांब्याची वेटोळी थंड करीत फिरते. त्यामुळे त्याने तांबे खाता कामा नये आणि वीजही वाहू देता कामा नये, अशा नव्या अटी लिहिल्या जात आहेत. २०१० साली बाजारात आलेल्या निसानच्या ‘लीफ’ या विजेच्या गाडीत गिअर बदलत नाहीत, क्लचही नाही. तिच्या पेटीसाठी कंपनीने सांगितलेले तेल आहे ‘मॅटिक-एस’, म्हणजे निसानच्या ऑटोमॅटिक गाड्यांचेच ए.टी.एफ.